मित्राला जुना फोन विकतोय, हातात द्यायच्या आधी काय काय करू?

गिरणगावकर (रविवार, रात्री १०:४०)

मंडळी, जरा सल्ला पाहिजे. माझ्याकडे सॅमसंग एम३४ आहे, ६ जीबी रॅम १२८ जीबी वाला, २०२३ च्या दिवाळीत घेतलेला. गेल्या आठवड्यात नवीन फोन घेतला आणि हा जुना माझा शाळेपासूनचा मित्र घेतो म्हणाला. आम्ही दोघं लालबागला एकाच चाळीत वाढलो, तो अजून तिथेच आहे, मी भांडुपला आलो. त्याच्या मुलीची दहावी झाली, अकरावीची ॲडमिशन सगळी ऑनलाइन, फॉर्म भरा ओटीपी टाका लिस्ट बघा, आणि घरात धड चालणारा फोन एकच, तो हा कामाला घेऊन जातो. म्हणून मुलीसाठी हवाय.

अनोळखी माणसाला विकायचा असता तर तो आला असता, बघितला असता, पैसे दिले असते, विषय संपला. ह्याच्याशी गणपतीत रोजची भेट आहे. उद्या फोनने काही त्रास दिला तर हा मला तोंडावर एक शब्द बोलणार नाही, गप्प बसेल, आणि मला तेच नकोय.

फोनची खरी परिस्थिती सांगतो. खालच्या कोपऱ्यात फ्रेमला पडल्याचा टवका आहे, मागे चरे आहेत. बॅटरी आधी दीड दिवस जायची आता संध्याकाळी सातआठला चार्जर शोधावा लागतो. आणि मागच्या पावसाळ्यात हिंदमाताला पाण्यातून चालत जाताना खिशातल्या खिशात भिजला होता, दोन दिवस बंद ठेवला होता, त्यानंतर आजपर्यंत व्यवस्थित आहे. बायको म्हणते भिजल्याचं सांगूच नका, वर्ष होत आलं, चालतोय ना. मला ते पटत नाहीये पण सांगितलं तर तो उगाच घाबरेल असंही वाटतं.

तर तीन गोष्टी. माझा डेटा पूर्ण कसा काढू, किंमत काय लावू (तो म्हणतो तू सांगशील ते, म्हणजे आणखी पंचाईत), आणि भिजल्याचं सांगू की नको.

मधली_सीट (रविवार, रात्री ११:०२)

सांग. बाकीचं नंतर.

वसईची_लेक (रविवार, रात्री ११:१५)

+१. मी ह्यातली दुसरी बाजू बघितलीय म्हणून लिहिते. माझ्या भावाने त्याच्या ऑफिसातल्या मित्राकडून फोन घेतला होता, तीन महिन्यांत चार्जिंग बंद. रिपेअरवाल्याने उघडून दाखवलं, आत हिरवट बुरशीसारखं जमलेलं, म्हणाला हा जुना पाण्याचा आहे. आता त्या मित्राला हे माहीत होतं की नव्हतं देव जाणे, पण भावाने कधी विचारलं नाही आणि त्यानेही कधी काढलं नाही. दोघं एका टेबलावर डबा खायचे, ते हळूहळू बंद झालं. पैसे साडेतीन हजारच होते हो.

दादा, पाण्याचं असंच असतं, लगेच काही दिसत नाही, आत गंज हळूहळू चढतो. बऱ्याच फोनमध्ये सिम ट्रेच्या खाचेत एक छोटा पांढरा स्टिकर असतो, पाणी लागलं असेल तर तो लाल गुलाबी होतो. टॉर्च मारून बघा. लाल असेल तर त्यालाही दाखवा, स्वतःहून. तुम्ही आधी सांगितलंत तर ती माहिती झाली, नंतर त्याला कळली तर फसवणूक वाटेल, तुमच्या मनात काही नसलं तरी.

टेक्नो_आजोबा (सोमवार, सकाळी ६:५०)

गिरणगावकर, डेटाचं मी सांगतो. टेलिफोन खात्यात आयुष्य गेलं, आता निवृत्तीनंतर सोसायटीतल्या निम्म्या लोकांचे फोन माझ्याकडेच येतात, त्यामुळे लोक नेमकं कुठे चुकतात ते रोज बघतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रीसेट आधी आणि विचार नंतर. फोन पुसणं हे दहा मिनिटांचं काम आहे, त्याच्या आधीचं काम दोन दिवसांचं आहे. तुमचा गुगल फोटोचा बॅकअप चालू आहे असं तुम्हाला वाटत असेल, तो खरंच चालू आहे का ते उघडून बघा. १ जून २०२१ पासून गुगलने फोटोंची अमर्याद फुकट जागा बंद केली, तेव्हापासून फोटो मेल ड्राइव्ह सगळं मिळून १५ जीबी, आणि आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच १५ जीबीत मोजला जातो. जागा भरली की बॅकअप थांबतो, वर एक छोटी सूचना येते, ती आपण सरकवून टाकतो. दुसरं, गुगल फोटो आपोआप फक्त कॅमेऱ्याने काढलेले फोटो घेतो. व्हॉट्सॲपवर आलेले, स्क्रीनशॉट, हे फोल्डर वेगळे चालू करावे लागतात. आमच्या इथल्या एका बाईंच्या नातवाच्या बारशाचे सगळे फोटो व्हॉट्सॲपवरच आलेले होते, फोन पुसला, गेले.

आणि फोटो हाताने एकेक डिलीट करत बसू नका. गुगल फोटोमधून फोटो उडवला तर तो नुसता फोनवरून नाही, तुमच्या अकाऊंटमधूनही उडतो.

आता पुसण्याबद्दल. पूर्वी फॅक्टरी रीसेट केला तरी सॉफ्टवेअर लावून जुने फोटो परत काढता यायचे, ती भीती लोकांच्या मनात अजून आहे. तुमच्या फोनला ती लागू नाही. अँड्रॉइड १० पासून पुढे जो फोन बाजारात आला त्याच्यात सगळा डेटा कुलपात ठेवणं सक्तीचं आहे आणि तुमचा एम३४ अँड्रॉइड १३ घेऊन आलेला. रीसेट केलं की कुलपाची किल्लीच नष्ट होते, आत जे उरतं ते कुणालाही वाचता येत नाही. त्यामुळे एक रीसेट पुरे, पाच वेळा करायची, वर गाणी भरून परत पुसायची गरज नाही. खूप जुना, २०१५ च्या आधीचा वगैरे फोन असेल तर गोष्ट वेगळी.

पण रीसेटच्या आधी अकाऊंट काढायचं. हे मोठं आहे, वेगळं लिहितो, आता फिरायला जायची वेळ झाली.

चौथा_माळा (सोमवार, सकाळी ९:२०)

आजोबा यायच्या आत अकाऊंटचं मी लिहितो कारण मी स्वतः अडकलोय त्यात.

माझा जुना फोन मी मावसभावाला दिला होता, सावंतवाडीला असतो तो. इथून देताना घाईत फोन बंद करून बटणं दाबून जो रीसेट होतो तसा केला, कोरा झाला, बॉक्समध्ये घालून कोकणकन्येने जाणाऱ्या काकांबरोबर पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्याचा फोन, अरे हा म्हणतोय आधीच्या मालकाचं गुगल अकाऊंट टाक. ती चोरी रोखायची सोय आहे, २०१५ ला अँड्रॉइड ५.१ पासून आलीय, चोराने फोन पुसला तरी जुन्या मालकाचा पासवर्ड दिल्याशिवाय पुढे जात नाही. चांगलीच सोय आहे पण इथे चोर ठरला माझा भाऊ. बरं मला त्या अकाऊंटचा पासवर्ड आठवेना, बदलला, तर नवीन पासवर्ड लगेच चालेना, गुगलचं असं आहे की पासवर्ड बदलल्यावर २४ तास थांबा. शेवटी तिसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर मी इथून एकेक अक्षर सांगतोय आणि तो तिथे टाकतोय, मागे मावशी विचारतेय फोन चोरीचा आहे का रे.

तेव्हा गिरणगावकर, सेटिंग्जमध्ये अकाऊंट्समध्ये जाऊन गुगल अकाऊंट आधी काढ, एकापेक्षा जास्त असतील तर सगळी. तुझा सॅमसंग आहे म्हणजे सॅमसंग अकाऊंटपण वेगळं असेल, ते पण काढ, ते राहिलं तर त्याचं स्वतःचं वेगळं कुलूप लागतं. मग सेटिंग्जमधूनच रीसेट कर, बटणं दाबून नाही. आणि पासवर्ड बदलायचे असतील तर त्याच दिवशी बदलू नकोस.

टेक्नो_आजोबा (सोमवार, सकाळी ९:४५)

चौथा माळा, उत्तम लिहिलंत, माझं काम वाचलं. एक जोडतो. सॅमसंगमध्ये सिक्युअर फोल्डर वापरत असाल तर त्यातलं सगळं आधी बाहेर काढून घ्या, रीसेटबरोबर ते पूर्ण जातं.

निशिगंध (सोमवार, दुपारी १:१०)

मला एक वेगळंच सांगायचंय, विषयाला धरून आहे म्हणून लिहिते.

माझे बाबा २०२२ मध्ये गेले. त्यांचे शेवटच्या दोन वर्षांतले फोन कॉल माझ्या जुन्या फोनमध्ये रेकॉर्ड झालेले होते, मी मुद्दाम केलेले नव्हते, ऑटो रेकॉर्डिंग चालू होतं एवढंच. भाजी काय आणू, तू जेवलीस का, गाडी मिळाली का, असलंच बोलणं. फोन बदलला तेव्हा दुकानातल्या मुलाने विचारलं मॅडम बॅकअप आहे ना, मी म्हटलं हो गुगलवर आहे, आणि त्याने माझ्यासमोर रीसेट केलं. घरी आल्यावर चार दिवसांनी लक्षात आलं की कॉल रेकॉर्डिंग फोनच्याच मेमरीत असतात, कुठल्याच बॅकअपमध्ये जात नाहीत. सगळे फोटो आहेत बाबांचे, पण आवाज एकाच व्हॉइस नोटमध्ये उरलाय, अकरा सेकंदांचा, एका मैत्रिणीच्या फोनवर सापडला.

तेव्हा प्लीज, फोन पुसायच्या आधी फाइल मॅनेजर उघडा आणि रेकॉर्डिंग्ज, व्हॉइस रेकॉर्डर, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स ही फोल्डर्स एकेक करून बघा. कॉम्प्युटरला वायर लावून सगळं जसंच्या तसं कॉपी करून ठेवा. निवडत बसू नका. नंतर निवडता येतं.

गिरणगावकर (सोमवार, दुपारी २:३०)

निशिगंध, वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं आणि फोन उघडला. माझ्या आईचे आवाज आहेत त्यात. आई आहे, पण तरीही. आज रात्री सगळं लॅपटॉपवर घेतो.

आजोबा, तुमचं खरं निघालं, माझा फोटोचा बॅकअप गेल्या नोव्हेंबरपासून बंद आहे, जागा भरलीय म्हणून. मला पत्ताच नाही.

कांदेपोहे (सोमवार, संध्याकाळी ७:०५)

पैशाच्या ॲप्सचं कुणी लिहिलं नाही अजून.

युपीआयचं ॲप नुसतं अनइन्स्टॉल केलं म्हणजे काम झालं असं नाही, तुमचा युपीआय आयडी तिकडे चालूच राहतो. नव्या फोनवर त्याच सिमने सुरू करून घ्या, व्यवहार होतोय ते बघा, मग जुन्यावरून लॉगआउट. नव्या फोनवर चालू केल्यावर पहिले २४ तास पाच हजाराच्या वर जात नाही, त्यामुळे भाडं किंवा फी भरायच्या दिवशी हा उद्योग करू नका. मी महिन्याच्या एक तारखेला केला होता आणि घरमालकाला फोन करून एक दिवस मागून घ्यावा लागला. बँकांची ॲप्स पण सिमला आणि फोनला बांधलेली असतात, प्रत्येकाचं नव्याने रजिस्ट्रेशन, दोन सिम असतील तर बँकेत दिलेला नंबर नव्या फोनमध्ये असला पाहिजे. एमआधारमधलं प्रोफाइल एकावेळी एकाच फोनवर चालतं.

ऑथेंटिकेटर ॲपवर ऑफिसचे कोड येत असतील तर ते आधी हलवा, ट्रान्सफर अकाऊंट्समध्ये क्यूआर येतो तो नव्या फोनने स्कॅन करायचा. ते राहिलं की ऑफिसच्या मेलमध्येही शिरता येत नाही.

व्हॉट्सॲपला तर आता ड्राइव्हवर चढवून उतरवायचीही गरज नाही. दोन्ही फोन एकाच वायफायवर ठेवा, जुन्यात सेटिंग्ज, चॅट्स, ट्रान्सफर चॅट्स, क्यूआर स्कॅन, थेट जातं. टू स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन आठवतोय ना ते आधी बघा.

सायनकर (सोमवार, रात्री ८:२०)

लोकलचा पास मोबाइलवर असेल तर तो पण. नव्या फोनमध्ये पास दिसल्याशिवाय जुना पुसायचा नाही, स्क्रीनशॉट टीसी मान्य करत नाही. माझा क्वार्टरली होता.

मधली_सीट (सोमवार, रात्री ८:३५)

किंमतीवर येऊ का आता?

साधा हिशोब सांगतो जो मी वापरतो. खालची रेघ म्हणजे एक्सचेंजमध्ये जे देतात ते, नव्या फोनबरोबर तुला काय ऑफर आली असेल ती. वरची रेघ म्हणजे तसाच फोन लोक ऑनलाइन जुन्या सामानाच्या साइटवर कितीला टाकतात, त्यातले दहा पंधराशे घासाघाशीत जातात ते कमी करून. ह्या दोन रेघांच्या मधे मित्राची किंमत. आणि त्याला दोन्ही आकडे दाखव, स्क्रीनवर उघडून. मित्राला दुखतं ते पैशाने नाही, आपल्याला गिऱ्हाईक समजला असं वाटलं की दुखतं.

फुकट देऊ नकोस. तुला वाटेल शाळेतला दोस्त आहे, पोरीसाठी आहे, देऊन टाकू. पण त्याने फोन विकत घेतो म्हटलंय, मागितलेला नाही. मुलीसमोर बापाने स्वतःच्या पैशाने आणलेला फोन असू दे तो.

गिरणगावकर (सोमवार, रात्री ९:५०)

मधली सीट, शेवटची ओळ दोनदा वाचली. खरं सांगतो, माझ्या मनात फुकट द्यायचंच घोळत होतं. तू म्हणतोस ते बरोबर आहे, त्याला ते आवडलं नसतं.

एक्सचेंजला ४,२०० म्हणाले होते. ऑनलाइन ७,००० ते ८,००० च्या मधे दिसतायत पण ते चकाचक आहेत. मनीष मार्केटला एका दुकानात दाखवला तर टवका बघून ५,००० म्हणाला.

टेक्नो_आजोबा (मंगळवार, सकाळी ७:१०)

किंमत लावताना एक गोष्ट सगळे विसरतात, ती म्हणजे फोनला अजून किती वर्षं अपडेट येणार. एम३४ जुलै २०२३ मध्ये आला तेव्हा पाच वर्षं सिक्युरिटी अपडेट देऊ असं कंपनीने जाहीर केलंय, म्हणजे २०२८ पर्यंत, मुलीची बारावी होईपर्यंत तरी काळजी नाही. काही फोन दिसायला नवे असतात पण अपडेट बंद झालेले असतात, त्यावर बँकेची ॲप्स टाकणं धोक्याचं. ही जमेची बाजू मित्राला जरूर सांगा.

बॅटरीचं मात्र तिथल्या तिथे मिटवून टाका. अधिकृत सर्व्हिस सेंटरला नवीन बॅटरीचा खर्च विचारा आणि एकतर बदलून द्या नाहीतर तेवढे किंमतीतून वजा करा. बाहेर कुठेतरी स्वस्तातली टाकून देऊ नका, लिथियमची हलकी बॅटरी फुगते, आणि तो फोन मुलीच्या उशाशी चार्जिंगला असणार.

द्यायच्या आधी डायल पॅडवर *#०*# दाबा, सॅमसंगमध्ये टेस्टिंगचा मेनू उघडतो, स्क्रीनचे रंग, टच, स्पीकर, सेन्सर सगळं तपासता येतं. सॅमसंग मेंबर्स ॲपमध्येही डायग्नोस्टिक्स आहे. मित्रासमोर करा म्हणजे दोघांनाही कळेल फोन कुठल्या अवस्थेत हातात गेला.

लेखी_हवं (मंगळवार, दुपारी १२:००)

एक साधी चिठ्ठी करा. *#०६# दाबलं की आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर येतो, १५ आकडी, दोन सिमचे दोन. चिठ्ठीत फोनचं मॉडेल, दोन्ही आयएमईआय, तारीख, रक्कम, तुमच्या दोघांच्या सह्या. उद्या तो फोन कुठे हरवला, कुणी गैरवापर केला, पोलीस आयएमईआयवरून बिलाच्या नावापर्यंत येतात आणि ते नाव तुमचं आहे.

मधली_सीट (मंगळवार, दुपारी १२:२५)

असहमत. चाळीतल्या मित्राकडून सही घ्यायची? कोर्टात जायचंय का दोघांना? मी असतो तर फोनच घेतला नसता.

लेखी_हवं (मंगळवार, दुपारी १२:५०)

तुम्ही ते विकणाऱ्याच्या बाजूने बघताय. घेणाऱ्याच्या बाजूने बघा. अकरावीची मुलगी, कॉलेजला लोकलने जाणार, करी रोडला नाहीतर चिंचपोकळीला सकाळी नऊची गर्दी. फोन मारला गेला तर? पोलिसात तक्रार देताना आयएमईआय लागतो. संचार साथी ह्या सरकारी पोर्टलवर फोन ब्लॉक करायचा तर तक्रारीची प्रत आणि आयएमईआय लागतो. बिल जवळ असेल तर हा फोन आमचा आहे हे दाखवायला सोपं. तो कागद तिच्या कामाचा आहे. बिलाची कॉपी आणि चिठ्ठी पाकिटात घालून द्या, सांगा की बॉक्समध्ये जपून ठेव.

आणि अजून एक, उलट दिशेने पण तपासायची सोय आहे. केवायएम लिहून स्पेस देऊन १५ आकडी आयएमईआय १४४२२ ला एसएमएस करा, फोनचं मॉडेल येतं, ब्लॅकलिस्टेड असेल, नंबर डुप्लिकेट असेल तर तसं सांगतात. गिरणगावकरांचा स्वतःचाच फोन आहे, काही निघणार नाही, पण इथे वाचणाऱ्या बाकीच्यांना, कुणाहीकडून जुना घेताना पैसे द्यायच्या आधी हे करा.

मधली_सीट (मंगळवार, दुपारी १:१५)

असं असेल तर मागे घेतो. तिच्यासाठी म्हणून दिलं तर चालेल, सही माग असं म्हणू नकोस फक्त.

आंबोळी (मंगळवार, दुपारी ३:३०)

माझा आयफोन आहे, मलाही द्यायचाय बहिणीला, हेच सगळं लागू का?

चौथा_माळा (मंगळवार, दुपारी ४:१०)

तत्त्व तेच. आयफोनमध्ये फाइंड माय बंद करून ॲपल आयडीतून साइन आउट करायचं, नाहीतर ॲक्टिव्हेशन लॉक लागतो, तो २०१३ ला आयओएस ७ पासून आहे आणि दुकानदारांकडून निघत नाही, तू स्वतःच काढलास तर निघतो. आयक्लाउड चालू असताना फोटो कॉन्टॅक्ट हाताने उडवू नकोस, सगळ्या डिव्हाइसवरून उडतात. घड्याळ जोडलेलं असेल तर आधी अनपेअर कर. ईसिम असेल तर नव्या फोनवर ते सुरू झालंय ना बघूनच जुन्यातून काढ.

वसईची_लेक (मंगळवार, संध्याकाळी ६:००)

साफसफाईचं पण लिहिते, बायकांच्या नजरेला ते आधी दिसतं. कव्हर काढून त्याच्या आत साचलेली काळी घाण ओल्या नाही, जेमतेम दमट मऊ कापडाने पुसायची. चार्जिंगच्या भोकात खिशातला कापसासारखा कचरा बसलेला असतो, फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने, पिन किंवा सुई घालायची नाही. फुंकर मारू नका तोंडाने, थुंकी जाते. टेम्पर्ड ग्लास तडकलेली असेल तर नवीन लावून द्या, स्टेशनबाहेर शंभर रुपयात होतं, पण नवं काढल्यासारखं वाटतं मुलीला.

गिरणगावकर (शनिवार, रात्री ११:२०)

मंडळी, दिला आज फोन. सविस्तर लिहितो कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत.

सोमवार मंगळवार दोन रात्री बॅकअप. लॅपटॉपवर ४१ जीबी निघालं, त्यात आईची १६० च्या वर रेकॉर्डिंग्ज. बुधवारी व्हॉट्सॲप, गुरुवारी बँका आणि पास. सिमच्या खाचेतला स्टिकर बघितला, एका कडेला गुलाबी झालाय, म्हणजे पाणी आत गेलं होतं. शुक्रवारी सर्व्हिस सेंटरला नेऊन बॅटरी बदलून घेतली आणि तेव्हाच सांगितलं की भिजलेला होता, आत बघा. त्याने उघडून बघितलं, गंज नाही म्हणाला, पण पुढचं सांगता येत नाही हेही म्हणाला. ते मी तसंच्या तसं मित्राला सांगितलं.

आज संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. आधी चहा झाला आणि मग मी फोन टेबलावर ठेवून आधी वाईट तेवढं सांगितलं, टवका, चरे, हिंदमाता, तो गुलाबी स्टिकर टॉर्च मारून दाखवला. तो काही क्षण बघत राहिला आणि म्हणाला तू मला हे न सांगता दिला असतास तर मला कळलंच नसतं रे. मी म्हटलं म्हणूनच. मग एक्सचेंजचा आकडा, मार्केटचा आकडा दोन्ही दाखवले. ५,००० ठरले, बॅटरीचे पैसे मी लावले नाहीत, ते मला पटत होतं. हेही ठरवलं की दिवाळीपर्यंत पाण्यामुळे काही झालं तर खर्च अर्धा माझा. त्याने नको नको केलं, मी म्हटलं हे आत्ताच बोलून ठेवू, नंतर बोलायला जड जातं.

अकाऊंट दोन्ही त्याच्यासमोर काढली, मुलीने स्वतः रीसेटचं बटण दाबलं, वेलकमचा स्क्रीन आला, माझं सिम काढून तिचं टाकलं आणि तिच्या अकाऊंटने सुरू झाला, माझा पासवर्ड कुठे मागितला नाही. पाकिटात बिल आणि चिठ्ठी दिली, लेखी हवं म्हणतात तसंच सांगितलं, लोकलमध्ये गेला तर उपयोगी पडेल. त्याच्या बायकोने ते पाकीट रेशन कार्डाच्या फाइलमध्ये ठेवलं.

टेक्नो_आजोबा (रविवार, सकाळी ६:४५)

फार छान केलंत. गुगल अकाऊंटच्या सिक्युरिटीमध्ये युअर डिव्हाइसेसमध्ये जाऊन जुना फोन दिसत असेल तर तिथून साइन आउट करा.

सायनकर (रविवार, सकाळी ९:३०)

सगळं वाचलं. मेमरी कार्ड काढलं होतं ना? कुणीच लिहिलं नाही म्हणून विचारतोय. रीसेटने फोनची मेमरी पुसते, कार्ड तसंच राहतं.

गिरणगावकर (रविवार, सकाळी ९:४१)

नाही काढलं. सिमच्याच ट्रेमध्ये मागच्या खाचेत होतं, ट्रे बाहेर काढला, माझं सिम उचललं, तिचं ठेवलं, ट्रे आत. डोळ्यासमोर होतं आणि दिसलं नाही. त्यात दोन वर्षांचे घरचे फोटो आहेत, आईच्या ऑपरेशनचे रिपोर्ट, बायकोच्या माहेरचं लग्न. लॅपटॉपवर घेतलं ते फक्त फोनचं, कार्डाचं फोल्डर उघडलंच नाही. आत्ता फोन करतो त्याला.

गिरणगावकर (रविवार, सकाळी १०:०५)

बोललो. काल मी निघाल्यावर अर्ध्या तासात मुलीच्या लक्षात आलं, गॅलरीत माझे फोटो दिसायला लागले म्हणून. तिने बापाला दाखवलं, त्याने तिथल्या तिथे फोन बंद करायला लावून कार्ड काढलं, कागदात गुंडाळून देवघरातल्या डबीत ठेवलंय. रात्री उशीर झाला म्हणून मला फोन केला नाही म्हणाला, सकाळी करणारच होता. आज दुपारी जेवायला ये आणि घेऊन जा म्हणालाय. निघतो, ११ ची स्लो पकडतो.